नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि त्यातून तयार होणारी केमिकल्स: घरी नेमकं काय करायचं

पावसाळा लागला की नळाला येणाऱ्या पाण्याला औषधाचा वास येतो आणि लगेच कोणीतरी सांगतं की क्लोरीनने कॅन्सर होतो, ते पाणी पिऊ नका. अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त भीती वाटते, त्यामुळे आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

धरणाच्या पाण्यात पालापाचोळा, शेवाळ, माती कुजून विरघळलेली असते. त्यात क्लोरीन पडलं की दोघांची रिअॅक्शन होऊन ट्रायहॅलोमिथेन (क्लोरोफॉर्म त्यातलंच एक) आणि हॅलोअॅसिटिक अॅसिडं तयार होतात. १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले केमिस्ट योहान्स रूक यांनी हे दाखवून दिलं. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या लोकांमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला काही अभ्यासांत दिसलाय. पण बिनक्लोरीनच्या पाण्याने टायफॉईड, कॉलरा, कावीळ व्हायला वर्षं लागत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट वाढले तेव्हा सगळे पाण्यात क्लोरीन आहे का हेच विचारत होते. म्हणून क्लोरीन बंद करायचं नाही, घाण आधी काढायची आणि क्लोरीन नंतर टाकायचं, एवढा क्रम पाळायचा.

पहिलं काम टाकीचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या सोसायटीची खालची टाकी उघडली तेव्हा तळाला चार बोटं काळपट, बुळबुळीत गाळ होता आणि त्याच्यावरच दर महिन्याला ब्लीचिंग पावडर ओतली जात होती, म्हणजे आपणच आपल्या हाताने ही केमिकल्स बनवत होतो! आधी टाकी रिकामी करा, गाळ बादलीने काढा, भिंती ब्रशने घासा, ते पाणीही काढून टाका आणि मग पावडरचं पाणी फिरवून धुवा. वर्षातून दोनदा तरी, त्यातलं एकदा पावसाळा संपल्यावर.

टँकरचं किंवा विहिरीचं गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी चारपदरी सुती कापडाने गाळा आणि मगच मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) टाका. किती थेंब ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढेच टाकायचे, जास्त टाकले म्हणजे जास्त सेफ असं नसतं. नंतर अर्धा तास थांबायचं.

पाणी उकळत असाल तर खळखळून उकळी आल्यावर झाकण काढून पाचेक मिनिटं उकळू द्या, एक्झॉस्ट किंवा खिडकी चालू-उघडी ठेवा, क्लोरोफॉर्म बराचसा वाफेबरोबर निघून जातो. हॅलोअॅसिटिक अॅसिडं मात्र तशी उडत नाहीत, त्यामुळे तासभर पाणी आटवत बसण्यात काही अर्थ नाही आणि गॅस जातो तो वेगळाच. पाणी उघडं ठेवून वास गेला म्हणजे सगळं गेलं असंही समजू नका, वास क्लोरीनचा असतो, नळाच्या पाण्यात ट्रायहॅलोमिथेन इतकं कमी असतं की त्याचा वास आपल्याला येतच नाही.

प्युरिफायर असेल तर त्यात खरं काम कार्बनचं असतं, नुसत्या यूव्हीने जंतू मरतात पण ही केमिकल्स तशीच राहतात. सर्व्हिसवाला बाहेरचं पांढरं सेडिमेंट कार्ट्रिज बदलून जातो आणि आपण निश्चिंत होतो, त्याला मुद्दाम विचारा की कार्बन बदललं का, आणि नव्या कार्ट्रिजवर मार्करने तारीख लिहा. कार्बन क्लोरीनही काढून टाकतं, म्हणून ते पाणी दिवसेंदिवस साठवू नका, भांडं रोज घासा.

अंघोळीच्या वेळी बाथरूमची खिडकी उघडी ठेवा, कारण गरम पाण्याच्या वाफेतून क्लोरोफॉर्म श्वासातही जातं आणि थोडं त्वचेतूनही.

एवढं करूनही शंका असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला फोन करून टीएचएम (म्हणजे ट्रायहॅलोमिथेन) टेस्ट करता का ते विचारा, साध्या पाणी तपासणीत बहुतेक वेळा ती नसते. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, आत थोडं औषध घातलेलं असतं ते धुऊन टाकू नका, आणि वर हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून लगेच बूच लावा, नाहीतर क्लोरोफॉर्म त्या मोकळ्या जागेत निघून जातं आणि आकडा कमी येतो. रिपोर्ट आला की आपल्या आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) शी ताडून बघा: क्लोरोफॉर्म लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. त्याच वेळी उरलेलं मोकळं क्लोरीनही मोजून घ्या, ते मात्र निदान ०.२ मिलिग्रॅम असायलाच हवं, आणि ते शून्य आलं तर आधी त्याच्या मागे लागा.