फ्रीबीएसडीवर मेगारेड कार्ड: एमएफआय ड्रायव्हर नीट कसा वापरावा

डेलचे पर्क ५, पर्क ६, एच७०० किंवा एलएसआयचे मेगारेड ९२६० असे रेड कार्ड (अनेक डिस्क जोडून एक करून दाखवणारे) ज्या सर्व्हरमध्ये आहे, तिथे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला प्रत्यक्ष डिस्क दिसत नाहीत. या कार्डांचा एमएफआय ड्रायव्हर फक्त कार्डाने डिस्क जोडून तयार केलेला व्हॉल्यूम दाखवतो: एमएफआयडी०, एमएफआयडी१ असा. सहा डिस्कांपैकी एक गेली तरी एमएफआयडी० पूर्वीसारखाच चालतो, फाइली उघडतात, कुणाची तक्रार येत नाही. दुसरी डिस्क जाते तेव्हा मात्र रेड-५ (एकच डिस्क गेलेली सोसणारी मांडणी) संपलेला असतो. म्हणून हा ड्रायव्हर वापरायचा म्हणजे कार्डाच्या पोटात काय चालले आहे ते रोज विचारायचे.

एमएफआय ड्रायव्हर जेनेरिक, म्हणजे सिस्टिमबरोबर येणाऱ्या कर्नलमध्येच असतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. कर्नल स्वतः बांधलेला असेल आणि त्यातून तो वगळला असेल, तर लोडर डॉट कॉन्फ या बूटच्या सेटिंग फाइलमध्ये ‘एमएफआय अंडरस्कोअर लोड’ला ‘येस’ द्या. मशीन सुरू झाल्यावर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, दोन ओळी शोधा. एमएफआय० ने सुरू होणाऱ्या ओळीत कार्डाचे नाव असते. एमएफआयडी०च्या ओळीत आकार मेगाबाइटमध्ये आणि शेवटी व्हॉल्यूमची अवस्था असते. तिथे ‘ऑप्टिमल’ हाच शब्द हवा.

एमएफआय की एमआरसास?

एच७०० आणि ९२६० या पिढीला एमएफआयच लागतो. एच७३० किंवा ९३६१ सारख्या १२ गिगाबिटच्या कार्डांना एमआरसास हा नवा ड्रायव्हर वापरा. मधल्या पिढीची, म्हणजे एच७१० किंवा ९२७१ सारखी कार्डे दोन्ही ड्रायव्हरना चालतात, आणि गोंधळ इथेच होतो. एचडब्ल्यू डॉट एमएफआय डॉट एमआरसास अंडरस्कोअर एनेबल हा ट्यूनेबल (बूटच्या वेळी वाचली जाणारी सेटिंग) १ केला की अशी कार्डे एमआरसासकडे जातात. मग व्हॉल्यूमचे नाव एमएफआयडी० राहत नाही, डीए० होते. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, जुने नाव असेल तर मशीन रूट सापडत नाही म्हणून माउंटरूटच्या प्रॉम्प्टवर थांबते.

त्यामुळे बदल करण्याआधी पार्टिशन सांभाळणाऱ्या जीपार्ट कमांडच्या ‘मॉडिफाय’ने प्रत्येक पार्टिशनला लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये जीपीटी खालचे ते लेबल लिहा. स्वॅपची ओळ बहुतेक जण विसरतात, तीही बदला. जुन्याच ड्रायव्हरवर एकदा रीबूट करून लेबलवरून मशीन उठते याची खात्री करा आणि मगच ट्यूनेबल लावा. प्रॉम्प्टवर अडकलातच तर प्रश्नचिन्ह टाइप केल्यावर सापडलेल्या डिव्हाइसांची यादी येते. फाइलसिस्टिम यूएफएस असेल तर ‘यूएफएस’, कोलन आणि पार्टिशनचा पूर्ण मार्ग देऊन पुढे जाता येते.

व्हॉल्यूम बनवणे

कार्डाशी बोलायचे हत्यार म्हणजे एमएफआययूटिल. ते मूळ सिस्टिममध्येच येते. आधी ‘शो ड्राइव्ह्ज’ चालवा. प्रत्येक ओळीत डिस्कचा आयडी, आकार, अवस्था, मॉडेल, सिरियल नंबर आणि शेवटी ई३२:एस४ अशी जागा असते, म्हणजे एन्क्लोजर (डिस्कांची पेटी) ३२ मधला स्लॉट ४. कमांडमध्ये आयडीही चालतो, पण ई आणि एसची जागा वापरण्याची सवय लावा. डिस्क बदलल्यावर नवीला वेगळा आयडी मिळू शकतो, स्लॉट मात्र तोच राहतो.

नव्या व्हॉल्यूमसाठी डिस्कची अवस्था ‘अनकॉन्फिगर्ड गुड’ हवी. ‘क्रिएट’पुढे रेडचा प्रकार आणि मग स्वल्पविरामाने जोडलेल्या डिस्क द्यायच्या. रेड-१० ला मात्र प्रत्येक जोडी वेगळी लिहायची: २,३ मग जागा सोडून ४,५. चारही आकडे एकाच स्वल्पविरामाच्या ओळीत दिले तर तो एकच गट धरला जातो. स्ट्राइप, म्हणजे एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा, सांगितला नाही तर ६४ किलोबाइटचा होतो आणि बहुतेक कामांना तो पुरतो. १ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर रेड-५ मध्ये ३ टेराबाइट मिळतात, रेड-१० मध्ये २. डेटाबेससाठी रेड-१० घ्या. रेड-५ मध्ये छोट्या लिखाणासाठीही जुना डेटा आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायची माहिती) वाचून दोन्ही पुन्हा लिहावे लागतात.

‘डिलीट’ आणि ‘क्लिअर’ यांत गल्लत करू नका. ‘डिलीट’ एक व्हॉल्यूम काढते आणि तो वापरात असेल तर नकार देते. ‘क्लिअर’ कार्डावरचे सगळे व्हॉल्यूम, अ‍ॅरे आणि स्पेअर (राखीव डिस्क) एकदम पुसते.

कॅश आणि बॅटरी

‘कॅश एमएफआयडी०’ चालवून सध्याची सेटिंग पाहा. राइट-बॅकमध्ये कार्ड डेटा आपल्या मेमरीत घेते आणि लगेच ‘लिहिले’ असे सांगते. वीज गेली तर तो डेटा बॅटरीच्या जोरावर टिकतो. म्हणून बॅटरी खराब असताना कार्ड आपोआप राइट-थ्रूवर, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘लिहिले’ सांगण्यावर, येते आणि लिखाण एकदम मंदावते. ‘काल ठीक होते, आज सर्व्हर रांगतोय’ ही तक्रार आली की पहिल्यांदा ‘शो बॅटरी’ बघा. त्यात पुढच्या लर्न सायकलची वेळही असते. लर्न सायकलमध्ये कार्ड बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरते. तेवढा वेळ मंदपणा साहजिक आहे, तो बॅकअपच्या वेळेवर आला तर बॅकअप लांबतो.

बॅड-बीबीयू-राइट-कॅश हा पर्याय चालू केला की बॅटरी नसतानाही कार्ड राइट-बॅकमध्येच राहते आणि वेग परत येतो. तो चालू करू नका. वीज गेली की कॅशमधले लिखाण कायमचे जाते, फाइलसिस्टिमही मोडू शकते. बॅटरी बदला.

डिस्क गेली तर

‘शो व्हॉल्यूम्स’मध्ये ‘डिग्रेडेड’ दिसले की आधी बॅकअप ताजा करा. मग ‘शो ड्राइव्ह्ज’मध्ये ‘फेल्ड’ असलेली डिस्क शोधा, तिचा सिरियल नंबर कागदावर लिहा आणि ‘लोकेट’ने त्या स्लॉटचा दिवा लुकलुकता करा. दिवा बघितल्याशिवाय डिस्क ओढू नका. रेड-५ मधून चुकून चांगली डिस्क बाहेर आली की व्हॉल्यूम त्याच क्षणी ऑफलाइन होतो.

नवी डिस्क त्याच स्लॉटमध्ये बसवली की बहुतेक वेळा रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणे, आपोआप लागतो. ‘शो प्रोग्रेस’मध्ये टक्के दिसतात. लागला नाही तर अवस्था वाचा. ‘अनकॉन्फिगर्ड बॅड’ असेल तर ‘गुड’ कमांड द्या आणि मग ‘अ‍ॅड’ने ती हॉट स्पेअर करा, कार्ड तिच्यावर रीबिल्ड सुरू करते. तिचा आकार अ‍ॅरेतल्या डिस्कांपेक्षा थोडाही कमी असेल तर कार्ड ती घेत नाही, म्हणून डब्यावरच्या आकड्यावर न जाता नेमकी क्षमता तपासा. डिस्क आधी दुसऱ्या सर्व्हरमध्ये होती तर तिच्यावर जुनी, म्हणजे ‘फॉरेन’ मांडणी असते. तेव्हा ‘फॉरेन प्रिव्ह्यू’ने ती बघा आणि नको असेल तरच ‘फॉरेन क्लिअर’ करा. पूर्ण अ‍ॅरे एका मशीनमधून दुसऱ्यात हलवला असेल तर मात्र ‘फॉरेन इम्पोर्ट’ करायचे. तिथे क्लिअर केले तर व्हॉल्यूमची मांडणीच जाते.

टाइमआउट आणि लपलेल्या चुका

डीमेसेजमध्ये ‘कमांड टाइमआउट आफ्टर’ आणि पुढे सेकंदांचा आकडा अशा ओळी येऊ लागल्या तर लोक ड्रायव्हरला दोष देतात. त्याचा अर्थ एवढाच की कार्डाला दिलेली कमांड ठरलेल्या वेळेत, मुळात ६० सेकंदांत, परत आली नाही. बऱ्याचदा मरायला टेकलेली एखादी डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याच्या प्रयत्नात कार्डाला अडवून धरते. ‘शो इव्हेंट्स’मध्ये त्याच वेळेच्या नोंदी बघा. एकाच स्लॉटचे नाव सारखे येत असेल तर ती डिस्क ‘फेल्ड’ व्हायची वाट न पाहता बदला. नोंदी स्वच्छ असतील तर फर्मवेअर आणि केबलकडे वळा.

डिस्कची स्वतःची तब्येत बघायला एमएफआयपी मॉड्यूल लोड करा. मग कॅमकंट्रोलच्या ‘डेव्हलिस्ट’मध्ये प्रत्येक डिस्क पास०, पास१ अशी दिसते आणि डिस्कची तब्येत वाचणारे स्मार्टसीटीएल तिच्यावर चालते. साटा डिस्क असेल तर त्याला ‘सॅट’ हा प्रकार सांगावा लागतो.

रोजच्या तपासणीसाठी पिरियॉडिक डॉट कॉन्फमध्ये डेली, स्टेटस, एमएफआय, एनेबल हे शब्द अंडरस्कोअरने जोडून त्याला ‘येस’ द्या. व्हॉल्यूमची अवस्था रोजच्या मेलमध्ये येते. तो मेल रूटच्या पेटीत पडून राहतो, म्हणून एलियासेस फाइलमध्ये रूटपुढे रोज वाचला जाणारा पत्ता लिहा आणि ‘न्यूएलियासेस’ चालवा. मग एक चाचणी मेल पाठवून तो खरोखर पोचतो का ते बघा.