जुन्या जात्याचे घरगुती कारंजे

सोलापुरात घरामध्ये कारंजे करायचे म्हटले की पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. उजनीचे पाणी नळाला रोज येत नाही, बोअरचे पाणी जड असते आणि एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो. त्यामुळे दिसायला देखणे, परंतु उपसायला अवघड असे कारंजे इथे फार काळ चालत नाही. 15 ते 20 लिटर पाण्यात भागणारे आणि दर आठवड्याला सहज रिकामे करता येणारे कारंजेच घरात असावे, असे माझे ठाम मत आहे.

अशा कारंज्यासाठी जुन्या जात्याच्या वरच्या दगडाइतकी सुंदर वस्तू दुसरी नाही. त्याला मधोमध आयते भोक असते, आणि तो उलटा ठेवला की टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडलेली, बाजू वर येते. भोकातून चढलेले पाणी त्या बारीक खाचांमधून कडेपर्यंत पसरत जाते आणि काळा दगड ओला झाल्यावर प्रत्येक खाच उठून दिसते. खुंटा काढून त्याचे भोक आरपार असल्यास बुजवावे. दगड ताठ ब्रशने घासून दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवावा आणि पाणी रोज बदलावे; खाचांत जुने पीठ राहिले तर पाण्याला वास येतो व बुळबुळीत थर धरतो.

दगडापेक्षा चारही बाजूंनी चार-चार बोटे मोठा, जाड प्लॅस्टिकचा टब घ्यावा, म्हणजे दगड न हलवता आत हात घालून घासता येते. टबात पाणी भरून तो रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावा. कागद सकाळी कोरडा असेल तरच पुढे जावे. दगडाचे वजन प्लॅस्टिकच्या काठावर कधीही येऊ देऊ नये. तळाशी शहाबादी फरशीचा तुकडा टाकून त्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवावेत व दगड त्यांवर टेकवावा. ठोकळ्यांमध्ये समोरून पंप काढता येईल एवढी मोकळी जागा हवी.

पंप कूलरचाच घ्यावा. 18 वॅटचा छोटा पंप या कामाला पुरेसा असून तो रोज आठ तास चालवला तरी आठवड्याला साधारण एक युनिट वीज लागते. त्याची नळी दगडाच्या भोकात बसवताना एम-सील लावण्याचा मोह टाळावा, कारण पुढे नळी बदलता येत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती घट्ट बसवली तरी काम होते. मग दगडावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे धावते ते पाहावे आणि ज्या बाजूला जास्त जाते तिथे खाली पातळ चिपा सारून दगड समतल करावा. या कामाला वेळ लागतो, पण पाण्याचा पडदा सगळीकडून सारखा पडणे यावरच अवलंबून असते. पाणी साधारण वीतभर उंचीवरून पडले तर आवाज मंद राहतो. शिंतोडे उडत असतील तर पडण्याच्या जागी गोटे ठेवावेत.

विजेचे बटण पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावे आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातूनच खाली गळते. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्यावा. टबात हात घालण्यापूर्वी प्लग काढावाच.

उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडते आणि पंप उघडा पडला तर जळतो, म्हणून पातळी रोज पाहावी. एसीतून गळणारे पाणी साठवून वापरल्यास क्षार जवळपास धरत नाहीत. आरओच्या टाकाऊ पाण्यात मात्र क्षार अधिक असल्याने ते घालू नये. पंपाच्या पंख्यावर पांढरा थर बसला तर तो पंखा अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवावा. शहाबादीवर व्हिनेगर सांडू देऊ नये, कारण तो चुनखडीचा दगड असल्याने आम्लाने झिजतो.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस ठरवून टब पूर्ण उपसावा व आतल्या भिंती घासाव्यात. भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. उपसलेले पाणी झाडांना घालावे, मात्र त्यातील क्षार मातीत साचत असल्याने दर वेळी एकाच कुंडीत ओतू नये.