जुनं स्टेडियम ‘गेलं’ कधी म्हणायचं? या चुका टाळा

गेलेल्या, म्हणजे आता उभ्या नसलेल्या फुटबॉल स्टेडियम्सची यादी करायला घेतली की नवीन पोरं आधी नाव बघतात. नाव तेच, पत्ता तोच, म्हणजे ग्राउंड तेच, चला पुढे. असं नसतं हो. ही चूक इतक्या ठिकाणी बघितलीये की आज जरा सविस्तरच लिहितो.

लंडनचं वेम्बली घ्या. पुण्यात एका क्विझला प्रश्न आला, बार्सिलोनाने १९९२ आणि २०११ ची युरोपियन फायनल एकाच स्टेडियममध्ये जिंकली, ते कोणतं? आमच्या टीमने लिहिलं, प्रश्नच चुकलाय, ही दोन वेगळी स्टेडियम्स आहेत. क्विझमास्तर ऐकायलाच तयार नाही, वेम्बली म्हणजे वेम्बली म्हणे. मी उठून सांगितलं की बाबा, १९९२ ला बार्सिलोनाच्या कूमनने इटलीच्या सॅम्पदोरियाविरुद्ध फ्री किकवर गोल मारला ते १९२३ चं, दोन पांढऱ्या टॉवर्सवालं वेम्बली. तिथली शेवटची मॅच ऑक्टोबर २००० मध्ये झाली, जर्मनीने इंग्लंडला १-० हरवलं, मग २००३ मध्ये टॉवर्ससकट सगळं पाडलं, आणि २०११ ला मेस्सीने मँचेस्टर युनायटेडला गोल मारला ते कमानवालं वेम्बली २००७ मध्ये उघडलं. नवं गवतसुद्धा, म्हणजे खेळायचं मैदान, जुन्यापेक्षा साधारण ४ मीटर खाली आहे! जुना वाडा पाडून तिथे सोसायटी उभी राहिली आणि पाटीवर वाड्याचंच नाव लावलं, तर वाडा अजून उभा आहे असं कोणी म्हणतं का? शेवटी मार्क मिळाले नाहीतच, आणि मार्कांपेक्षा वाईट याचं वाटलं की तिथली सगळी पोरं तेच चुकीचं उत्तर डोक्यात घेऊन घरी गेली.

स्टेडियम गेलं की नाही हे तपासायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी गवत कुठे होतं आणि आता कुठे आहे ते बघतो, मग जुना एखादा स्टँड, भिंत, टनेल काही शिल्लक आहे का, मग मधल्या काळात टीम कुठे खेळली. नाव सगळ्यात शेवटी. आणि जुन्यातली शेवटची मॅच आणि नव्यातली पहिली मॅच, दोन्ही तारखा सापडल्याशिवाय मी यादीत ओळ टाकतच नाही.

दुसरी डोकेदुखी म्हणजे अर्धं जुन्यावर, अर्धं शेजारी बांधलेलं स्टेडियम. स्पेनमधल्या बिल्बाओचं सान मामेस १९१३ चं. नवीन त्याला इतकं खेटून बांधलं की जुनं उभं असेपर्यंत नव्याची एक बाजू बांधताच येत नव्हती. म्हणून २०१३ च्या मेमध्ये जुन्यात शेवटची लीग मॅच झाली, ते पाडलं, आणि सप्टेंबरमध्ये तिथली टीम अ‍ॅथलेटिक नव्यात खेळायला लागली तेव्हा एक बाजू अजून उघडीच होती. टीम शहर सोडून कुठे गेली नाही, नाव बदललं नाही, लोक अजून ‘कॅथेड्रल’च म्हणतात, त्यामुळे घाईत लिहिणारे ‘नूतनीकरण’ लिहून मोकळे होतात. पण गवत सरकलं, जुन्या स्टँडची प्रसिद्ध कमान उचलून लेसामाच्या ट्रेनिंग ग्राउंडवर नेली, मग राहिलं काय? गेलं ते. लंडनच्या टॉटनहॅमचंही तेच, व्हाइट हार्ट लेन १८९९ ते २०१७, नवीन २०१९ पासून. नव्याच्या नावापुढे १८९९ लिहिलेलं दिसलं की मी पुढची यादी वाचतच नाही.

आता उलटी चूक. एकेक स्टँड बदलत गेला तर ग्राउंड गेलं असं नाही. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर १९४१ मध्ये बॉम्ब पडले, युनायटेड १९४९ पर्यंत मँचेस्टर सिटीच्या मेन रोड ग्राउंडवर खेळली, आज १९१० मधलं जुन्या टनेलशिवाय फारसं काही उरलेलं नाही. तरी ते तेच ग्राउंड, कारण टीम त्याच गवतावर परत आली आणि पुढचे बदल खेळता खेळता झाले. बार्सिलोनाच्या काम्प नोऊचंही मी गेलं म्हणणार नाही, वरचा तिसरा टियर पाडला पण खालचं राहिलं.

आर्सेनलचं जुनं ग्राउंड हायबरी, त्याच्या ईस्ट स्टँडची दर्शनी बाजू जपलीये म्हणून हायबरी वाचलं असं कृपया लिहू नका, तिथे फ्लॅट आहेत आणि गवताच्या जागी बाग.

स्पॉन्सरचं नाव लागलं म्हणजे स्टेडियम बदललं नाही.

कपॅसिटी घटली म्हणूनही नाही. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला १९९७ च्या मोहन बागान-ईस्ट बंगाल डर्बीला १ लाख ३१ हजार लोक होते, आता बकेट सीट्स लागल्यावर ६८ हजारांच्या आसपास बसतात. स्टेडियम तेच.

खरं अवघड आहे ते ब्राझीलमधल्या रिओचं माराकाना. १९५० चं बाहेरचं कवच उभं आहे, पण २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी आतली बसायची रचना आणि छप्पर नवीन केलं. यावर दोन्ही बाजूंनी चांगली माणसं भांडतात आणि मी त्यांना चूक म्हणत नाही. मी गेलेल्यांत टाकत नाही, पण १९५० चे गर्दीचे आकडे आणि आजचे आकडे एका ओळीत कधीच लिहीत नाही, एका नावाखाली दोन ओळी करतो आणि मध्ये कामाची वर्षं टाकतो.