एमएसची लक्षणं कशी ओळखायची आणि कशी टिपून ठेवायची

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतल्या मज्जातंतूंवरच्या मायलिन या संरक्षक आवरणावरच हल्ला करते. आवरण कुठे गेलं त्यावर लक्षण ठरतं, म्हणून दोन रुग्णांचं सहसा जुळत नाही. सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते. बायकांमध्ये प्रमाण जास्त.

बऱ्याच जणांत पहिली तक्रार डोळ्याची असते. एका डोळ्याला धूसर दिसतं आणि डोळा फिरवला की दुखतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गप्प बसू नका. एकेक डोळा झाकून लाल झाकणाकडे पाहा. एका डोळ्याला लाल फिका दिसला, तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.

इतर लक्षणं: पायांपासून कमरेपर्यंत चढणारा बधिरपणा, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी चमक, एकाच्या दोन वस्तू दिसणं, तोल जाणं, लघवी थोपवता न येणं. आणि थकवा, जो घरच्यांना आळस वाटतो.

हात अवघडून आलेल्या मुंग्या म्हणजे एमएस नव्हे. एमएसचा झटका, म्हणजे लक्षणं नव्याने उमटणं, काही तासांत किंवा दिवसांत वाढतो, किमान २४ तास टिकतो आणि अनेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. घात इथेच होतो: बरं वाटलं की डॉक्टरकडे जाणं राहून जातं. ओसरलेलं लक्षणही तारखेसह लिहा: कुठली बाजू, कुठून कुठवर, किती दिवस, ताप किंवा लघवीला जळजळ होती का.

गरम पाण्याची अंघोळ, ताप, उन्हाळ्याची दुपार यांनी जुनं लक्षण डोकं वर काढतं; अंग थंड झालं की जातं. तो नवा झटका नसतो. मात्र लघवीच्या जंतुसंसर्गानेही हेच होतं, म्हणून झटक्यासाठी स्टेरॉइड सुरू होण्याआधी लघवी तपासून घ्या.

दोन्ही पायांत सावकाश वाढलेल्या मुंग्या बी-१२ च्या कमतरतेच्याही असू शकतात. शाकाहारी मंडळींनी ती तपासणी टाळू नये. नजर फार गेली किंवा उचकी-उलटी दिवसेंदिवस थांबेना, तर न्यूरॉलॉजिस्टना एनएमओच्या (एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार) अँटिबॉडी तपासणीबद्दल विचारा. एमएसची काही औषधं त्या आजारात उलटतात. एमआरआयवरचे पांढरे ठिपके मायग्रेन आणि रक्तदाबानेही येतात, तेव्हा नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नका.

तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एक बाजू मिनिटांत लुळी पडणं हा पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालयात न्या. लघवी अडली किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी.