‘आउटर वाइल्ड्स’ घेण्याआधी खेळाडूंची मते कशी वाचावीत

‘आउटर वाइल्ड्स’ घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी कोणी खेळाडूंचे अभिप्राय वाचायला बसला, तर बराच वेळ त्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्यांना हा गेम आवडला ते सांगतात की काहीही वाचू नका, थेट खेळायला घ्या. ज्यांना आवडला नाही ते सांगतात की यात करण्यासारखे काही नाही. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. एका लहानशा सूर्यमालेत आपण लाकूड आणि पत्रा ठोकून बनवलेले यान घेऊन हिंडतो, एका लुप्त झालेल्या जमातीने मागे ठेवलेले लिखाण वाचतो, आणि साधारण २२ मिनिटांनी काळ पुन्हा सुरुवातीला येतो. यात शस्त्रे नाहीत, गुण नाहीत, यानाची ताकद वाढत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत सोबत येते ती फक्त आपल्याला कळलेली माहिती. त्यामुळे एखाद्याने फार तपशिलात अभिप्राय लिहिला, तर आपण जे पैसे देऊन विकत घेणार आहोत त्याचाच एक तुकडा तो फुकटात खर्च करून टाकतो. असे मत कसे वाचावे, त्यातले काय घ्यावे आणि कुठे थांबावे, याची माझी पद्धत पुढे दिली आहे. तिच्यात गेममधले एकही रहस्य उघड होणार नाही याची काळजी घेतली आहे.

सर्वांत आधी आपण योग्य गेमबद्दल वाचत आहोत ना, हे पाहावे. सांगायला हसू येते, पण ‘आउटर वाइल्ड्स’ आणि ‘द आउटर वर्ल्ड्स’ हे दोन्ही गेम २०१९ मध्येच आले, दोन्ही अंतराळातले, दोन्ही पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे, आणि नावांत जेमतेम दोन अक्षरांचा फरक. ‘द आउटर वर्ल्ड्स’ हा ऑब्सिडियन या स्टुडिओचा, बंदुका, संवाद आणि सोबती असलेला भूमिकाप्रधान गेम आहे. अभिप्रायात गोळीबार, सोबती किंवा पात्राची कौशल्ये असे शब्द आले, तर तो लेख बाजूला ठेवावा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एकाची स्तुती वाचून दुसराच गेम घेतला होता आणि आठवडाभर त्यात बंदूक शोधत होते.

त्यानंतर तारीख आणि ठिकाण पाहावे, कारण या गेमचा प्रवास लांबलचक आहे आणि प्रत्येक टप्प्यावरचे मत वेगळ्या माणसाचे आहे. ॲलेक्स बीचम यांच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातील पदव्युत्तर प्रकल्पातून हा गेम उभा राहिला. २०१५ मध्ये त्याच्या कच्च्या आवृत्तीला इंडिपेन्डन्ट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्या काळातली मते त्या कच्च्या आवृत्तीबद्दलची आहेत. त्याच वर्षी फिग या संकेतस्थळावरून लोकवर्गणी जमवण्यात आली. पुढे मोबियस डिजिटल या स्टुडिओने तो पूर्ण केला, अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केला, आणि मे २०१९ मध्ये तो एक्सबॉक्स वनवर आला, तर संगणकावर मात्र फक्त एपिक गेम्स स्टोअर या ऑनलाइन दुकानात. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळेल या आशेने वर्गणी दिलेले अनेकजण त्यामुळे संतापले. त्या सुमाराचे एखादे कडवट मत वाचताना राग गेमवर आहे की दुकानावर, हे तपासावे. दुकानाचा वाद आज घेणाऱ्याच्या काहीच कामाचा नाही.

स्टीमवर हा गेम जून २०२० मध्ये आला, आणि त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, एप्रिलमध्ये, त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला होता. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये खेळणाऱ्याला आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नव्हती; स्टीमवर लिहिणारा मात्र कीर्ती ऐकून, कधी कधी ‘आयुष्य बदलून टाकणारा गेम’ अशी भाकिते ऐकून आलेला असतो. तिथल्या बऱ्याच नाराज मतांमध्ये अपेक्षाभंगाचा वाटा मोठा आहे. तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक अनुकूल मते हा आकडाही सावधपणे घ्यावा, कारण असा गेम आपल्याला आवडणार नाही असे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी तो घेतलाच नाही आणि मतही दिले नाही.

आता तासांकडे वळू. स्टीमवर प्रत्येक अभिप्रायाशेजारी लिहिणाऱ्याने तोवर किती तास खेळले होते हे दिसते, आणि या गेमच्या बाबतीत तो आकडा शब्दांपेक्षा जास्त बोलतो. मूळ कथा पूर्ण व्हायला साधारण १५ ते २५ तास लागतात. दोन तासांत २२ मिनिटांच्या पाचच फेऱ्या बसतात, आणि त्यातलाही पहिला अर्धा तास सुरुवातीच्या गावात जातो: खेळण्यातले छोटे यान रिमोटने उडवून पाहणे, वजनरहित गुहेत दुरुस्तीचा सराव करणे, वेधशाळेतले संग्रहालय बघणे. इथे कुणाला नमनाला घडाभर तेल वाटले, तर त्याचा दोष नाही. त्यात स्टीमवर पैसे परत मागण्याची मर्यादा खरेदीपासून १४ दिवस आणि खेळण्याचे दोन तास अशी असल्यामुळे पुष्कळ खेळाडू नेमके याच टप्प्यावर निकाल देतात. असे मत फेकून देऊ नये. यान हाकणे, हालचाल, चित्र, गरगरणे या गोष्टींबद्दल दोन तास खेळलेला माणूस सर्वांत ताजे आणि प्रामाणिक सांगतो. कथा, कोडी आणि शेवट यांबद्दल मात्र त्याचे ऐकू नये.

यान हाकण्याची तक्रार तर हमखास येते, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू. या गेममध्ये यान खऱ्या अवकाशासारखे वागते: एकदा दिलेला वेग आपोआप कमी होत नाही, थांबायचे तर उलट दिशेने तेवढाच जोर लावावा लागतो. मी पहिल्यांदा गाव ज्या ग्रहावर आहे त्याच्या चंद्रावर, ॲटलरॉकवर, उतरायला गेलो तेव्हा जमीन जवळ दिसू लागल्यावर घाबरून जोर लावला. तो जास्त झाला, यान वर उडाले; मग खाली येण्यासाठी लावलेला जोरही जास्त झाला. यान आपटले, चेंडूसारखे उसळले, आणि मी बाहेर पडून दुरुस्तीचे बटण दाबून धरत उभा राहिलो तेव्हा यानाच्या अर्ध्या भागांतून ठिणग्या उडत होत्या. समोरच्या ग्रहाशी आपला वेग जुळवून देणारे बटण आहे, हे मला सांगितले गेले होते. मी ते दाबले नव्हते. म्हणून एखाद्याने ‘कंट्रोल भिकार आहेत’ असे लिहिले असेल, तर दोन गोष्टी शोधाव्यात. तो माउस-कीबोर्डवर खेळला की कंट्रोलरवर, आणि वेग जुळवण्याचा उल्लेख करतो का? कंट्रोलरवर जोर कमी-जास्त करता येतो, कीबोर्डवर तो एक तर पूर्ण असतो नाही तर शून्य, आणि सारा फरक तिथेच पडतो. ऑटोपायलटने सूर्यात नेऊन घातल्याची हकिगत मात्र खरी मानावी. ठरवलेल्या ग्रहाच्या आणि आपल्या मधोमध सूर्य असला, तरी तो बिचारा सरळच जातो. जुने खेळाडू हे कौतुकाने सांगतात, नवे चिडून.

‘कुठे जायचे तेच कळत नाही’ ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे माझी एक कसोटी आहे: अभिप्रायात यानातल्या नोंदवहीचा उल्लेख आहे की नाही. ही नोंदवही आपण पाहिलेले सर्व काही फेऱ्यांच्या पलीकडे जपून ठेवते, कोणता धागा कुठे जोडला गेला ते जाळ्यासारखे दाखवते, आणि एखाद्या जागी अजून शोधण्यासारखे उरले असेल तर तसे स्पष्ट सांगते. वाट सापडली नाही म्हणून वैतागलेल्या माणसाने नोंदवहीचे नावही घेतले नसेल, तर बहुधा त्याने ती उघडलीच नाही. नोंदवही वापरूनही तो कंटाळला असेल, तर मात्र त्याचे मत वजनदार समजावे; अशा माणसाला कुतूहलापेक्षा उद्दिष्ट लागते, आणि तुम्हीही तसे असाल तर हा गेम तुमच्यासाठी नाही.

वेळेच्या दडपणाबद्दल थोडेच सांगतो. वाचताना किंवा बोलताना काळ थांबवण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, आणि नको असलेली फेरी लवकर संपवण्याचा उपायही गेममधला एक सहप्रवासी शिकवतो. पण मधेच गेम बंद केला तर पुढच्या वेळी फेरी जिथून सुरू होते त्या शेकोटीजवळच पुन्हा जाग येते, ही तक्रार अगदी रास्त आहे.

एक गोष्ट इंग्रजी अभिप्रायांत सापडणार नाही, कारण लिहिणाऱ्यांना ती जाणवतच नाही. हा वाचण्याचा गेम आहे. पात्रे बोलतात ती फक्त अक्षरांतून, आवाजात नाही. भिंतींवरचे लिखाण, पत्रव्यवहार, नोंदी हे सगळे वाचूनच पुढे जायचे असते, आणि मराठी भाषांतर उपलब्ध नाही. इंग्रजी समजते पण सावकाश वाचावे लागते अशा मराठी वाचकाने ‘गती संथ आहे’ हे वाक्य दीडपट करून वाचावे आणि काळ थांबवण्याचा पर्याय सुरुवातीलाच चालू करावा. भाषा अवघड नाही. वाक्ये छोटी आणि मिश्कील आहेत. पण एखादा बारीक शब्द निसटला तर धागा तुटतो.

शरीराच्या तक्रारी मात्र मत म्हणून न वाचता इशारा म्हणून वाचाव्यात. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना इथेही मळमळू शकते, कारण वर-खाली या कल्पनेलाच इथे अर्थ उरत नाही. तसेच खोल पाणी, अंधार आणि अथांग पोकळी यांची भीती वाटणारे खेळाडू फार तळमळीने लिहितात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा; हा भयपटासारखा गेम नाही, पण काही जागी छाती धडधडते. ‘एकोज ऑफ दि आय’ हा सप्टेंबर २०२१ मध्ये आलेला जोडभाग अंधारातल्या प्रसंगांमुळे अनेकांना जड गेला. त्यात भीती कमी करण्याचा पर्याय दिलेला आहे. जोडभागाबद्दलची नाराजी मूळ गेमच्या खात्यावर टाकू नये, आणि मूळ गेम संपेपर्यंत त्या भागाची मते उघडूच नयेत.

वाचण्याचा क्रमही सांगून ठेवतो. आधी प्रतिकूल मते वाचावीत, तीही कमी तासांची, कारण त्यांच्याकडे फोडण्यासारखे रहस्यच नसते. मग पाच ते दहा तासांवर सोडून दिलेल्यांची दोन-तीन मते वाचावीत. निर्णयाला सर्वांत उपयोगी तीच. तीस-चाळीस तास खेळलेल्यांच्या लांबलचक स्तुतीची पहिली दोन वाक्ये वाचून थांबावे. रहस्य फुटू नये म्हणून झाकलेला मजकूर कुतूहलाने उघडू नये. व्हिडिओ पाहायचाच असेल तर पहिल्या वीस मिनिटांचा पाहावा आणि त्याखालच्या प्रतिक्रियांकडे ढुंकूनही पाहू नये. शिफारस म्हणून येणाऱ्या इतर व्हिडिओंची मुखचित्रेही घात करतात. माझ्या एका मित्राने एकाच वाक्यात, तेही माझ्या भल्यासाठी, मधली एक मोठी गाठ सोडवून टाकली. ती जागा मी नंतर पाहिली तेव्हा सुंदरच होती, पण माझ्यासाठी ती पाठ केलेल्या उत्तरासारखी झाली होती.

खेळताना अडलात आणि कोणाला विचारायचे झाले, तर ‘हे दार कसे उघडते’ असे विचारू नये. ‘मी अमुक तमुक पाहिले आहे, नोंदवहीत इथे अपुरे दाखवते, मी पुन्हा कुठे नजर टाकावी?’ असे विचारावे. या गेमचे जुने खेळाडू अशा प्रश्नाला फार जपून, जवळजवळ कोड्यातच उत्तर देतात, आणि ते पुरते.

शेवटी स्वतः अभिप्राय लिहिताना. किती तास खेळलात, कशावर खेळलात, कंट्रोलर होता का, कुठे थांबलात आणि एरवी तुम्हाला कोणते गेम आवडतात, ही पाच वाक्ये आधी लिहावीत. पुढचे तुमचे मत त्यांच्या उजेडात वाचले जाईल. ग्रहांचे वर्णन करण्याऐवजी तिथे तुम्हाला काय वाटले ते सांगावे. अँड्र्यू प्रॅलो यांच्या संगीताबद्दल, शेकोटीबद्दल, यान पहिल्यांदा नीट उतरले त्या क्षणाबद्दल मनमोकळे लिहावे. तिथे काही फुटत नाही. आणि शक्य असेल तर मराठीत लिहावे, वाचनाच्या गतीबद्दलचे वाक्य न विसरता. आठव्या तासाला रागाने लिहिलेले मत पुढे बदलले, तर जुने खोडू नये. त्याखाली तारीख घालून नवे लिहावे, म्हणजे आठव्या तासाला अडकलेल्या पुढच्या माणसाला दोन्ही दिसतील.