‘रेग्युलर की डिस्टन्स?’ या प्रश्नाला मुलाखतीत कसं उत्तर द्यावं

मुलाखत बरी चाललेली असते. रेझ्युमेवरून फिरणारं समोरच्याचं बोट एका ओळीवर थांबतं आणि प्रश्न येतो, ‘‘ही पदवी रेग्युलर की डिस्टन्स?’’ दूरशिक्षणाने पदवी घेतलेले बरेच उमेदवार इथे गडबडतात. आवाज खाली जातो, घरची परिस्थिती, लवकर लागलेली नोकरी, हुकलेला प्रवेश असं सगळं बाहेर यायला लागतं. दोन वाक्यांत संपणाऱ्या उत्तराची कैफियत होऊन बसते.

विचारणाऱ्याच्या मनात सहसा तीनच शंका असतात. विद्यापीठ खरं आहे का? परीक्षा नीट झाली होती का, की घरी पुस्तक उघडं ठेवून लिहिली? आणि एकट्याने शिकलेला हा माणूस चार जणांत काम करेल का? पहिल्या शंकेला कागद लागतो, दुसरीला तपशील आणि तिसरीला कामातला दाखला. कोणती शंका आहे ते ओळखून तेवढंच बोलायचं. त्यासाठीची तयारी मात्र अर्ज करण्याच्या आधीच करावी लागते.

आधी मान्यतेचा कागद

आपल्या देशातल्या उच्च शिक्षण नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर जा आणि मान्यतेची यादी काढा. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. अनेक ठिकाणी दूरशिक्षणाची मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक वर्षांसाठी असते. तुमचा अभ्यासक्रम आणि तुम्ही प्रवेश घेतला ते वर्ष, दोन्ही त्या यादीत बसतात का ते पाहा. त्या पानाची प्रत काढून पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांची गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाची रूपरेषा यांच्यासोबत एकाच फाईलमध्ये ठेवा. पदवी परदेशी विद्यापीठाची असेल तर समकक्षतेचं (ती इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचं) प्रमाणपत्र लागू शकतं. ते हातात पडायला वेळ लागतो, म्हणून मुलाखतीचं पत्र येण्याची वाट पाहत बसू नका.

नोकरी देणाऱ्यांचा हा संशय अगदीच हवेतला नाही. २०१५ साली पाकिस्तानातल्या एका कंपनीचं बनावट पदव्यांचं जगभर पसरलेलं जाळं उघडकीला आलं. त्यातली ‘विद्यापीठं’ फक्त संकेतस्थळावर होती. पैसे भरून घेतलेला कागद आणि वर्षानुवर्षं स्वाध्याय लिहून मिळवलेली पदवी यांतला फरक दाखवण्याचं काम दुर्दैवाने तुमच्याच गळ्यात पडतं. राग येणं साहजिक आहे, पण तो मुलाखतीच्या खोलीत नेऊ नका.

एक गोष्ट इथेच तपासा. परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी यांसारख्या परवान्याच्या किंवा प्रत्यक्ष प्रयोगांच्या क्षेत्रांत काही पदांना दूरशिक्षणाची पदवी चालत नाही. जाहिरातीत ‘फक्त पूर्णवेळ’ असं लिहिलं असेल तर अर्जाआधी ईमेल करून विचारा. नाही म्हणाले तर पुढची जाहिरात बघा. तिथे वाद घालून काही हाती लागत नाही.

पदवीचे तास मोजा

हे फार कमी जण करतात. पदवी श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) मोजलेली असते आणि श्रेयांकामागे तास असतात. युरोपीय पद्धतीत १ श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास. म्हणजे १८० श्रेयांकांच्या पदवीमागे किमान ४,५०० तास होतात. ब्रिटनमध्ये १ श्रेयांक १० तासांचा आणि ऑनर्स पदवी ३६० श्रेयांकांची, म्हणजे ३,६०० तास. तुमच्या विद्यापीठाचा हिशोब माहितीपुस्तिकेत सापडेल. तो काढा आणि शेजारी लिहून ठेवा: किती स्वाध्याय, किती लेखी परीक्षा, संपर्क सत्रं किती, प्रकल्प कोणता. ‘‘खूप मेहनत घेतली’’ या वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ‘‘चोवीस पेपर, सगळे परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर’’ असं म्हटलं की शंका आपोआप विरते. अर्थात आकडा तुमच्या गुणपत्रकातला हवा, या लेखातला नव्हे.

रेझ्युमेवर काय लिहायचं

पदवीचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच, विद्यापीठ, वर्ष. शिक्षणाची पद्धत लिहायची की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं, की नोकरी आणि शिक्षण एकाच काळात झालं असेल तर लिहाच. एका गावात पूर्णवेळ नोकरी आणि त्याच वर्षांत दुसऱ्या गावच्या विद्यापीठाची पदवी, हे वाचणाऱ्याला खटकतं. ‘नोकरी करत दूरशिक्षणाने पूर्ण’ एवढे शब्द त्या ओळीत घातले की खटकणारी गोष्टच जमेची ठरते. प्रकल्प नोकरीला लागून असेल तर त्याला वेगळी ओळ द्या. ऑनलाइन अर्जात शिक्षणपद्धतीचा रकाना असेल तर तिथे खरं तेच भरा. ‘पूर्णवेळ’ असं दडपून लिहिलेलं पुढे पडताळणीत सापडतं, आणि मग पदवी खरी असूनही नोकरी खोटेपणापायी जाते.

उत्तर तयार करा आणि मोठ्याने म्हणा

उत्तर चार वाक्यांपेक्षा लांब नको. लेखा विभागात काम करणारी एखादी उमेदवार असं म्हणू शकेल:

‘‘डिस्टन्स, सर. नोकरी करता करता वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण केली, परीक्षा सगळ्या केंद्रावर जाऊन दिल्या. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ग्राहकांकडच्या थकबाकीवर होता, त्यातून केलेला तक्ता आमच्या विभागात आजही वापरतात. चालेल का, तो तुम्हाला दाखवू?’’

पहिला शब्दच ‘डिस्टन्स’ आहे, हे लक्षात घ्या. आडवळण नाही. मग परीक्षा, मग काम, आणि शेवटी संभाषण पदवीवरून कामावर गेलेलं. तुमच्याकडे असा तक्ता नसेल तर शिकलेली एखादी गोष्ट शोधा जी दुसऱ्या दिवशी ऑफिसात उपयोगी पडली. प्रत्येकाकडे एक तरी असते, आठवायला वेळ लागतो इतकंच.

दोन शब्द मात्र उत्तरातून काढून टाका: ‘फक्त’ आणि ‘असली तरी’. ‘‘पदवी डिस्टन्सची असली तरी...’’ असं म्हटलं की पदवी कमी आहे हे तुम्हीच कबूल केलं. त्याच्या जागी ‘‘डिस्टन्सची आहे आणि...’’ म्हणून बघा. वाक्याचा सूरच बदलतो.

आता हे उत्तर आरशासमोर किंवा मित्राला बसवून निदान पाच वेळा म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं उत्तर ऐन वेळी घशात अडकतं.

पुढचे प्रश्न

‘‘कॉलेजला का गेला नाहीत?’’ एका वाक्यात खरं कारण, पुढे काही नाही. घरच्या अडचणी सांगायला हरकत नाही, पण त्यांचं प्रवचन करू नका.

‘‘वेळ कसा काढलात?’’ इथे ‘मी शिस्तप्रिय आहे’ म्हणू नका, सगळेच म्हणतात. आठवड्याचा क्रम सांगा: पहाटे दीड तास वाचन, शनिवारी स्वाध्याय, परीक्षेआधी साठवलेली रजा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला हवं.

संघात काम करण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्यात तथ्य आहे. वर्ग, प्रयोगशाळा, गटाने केलेलं काम यांतलं बरंच काही दूरशिक्षणात सुटतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. नोकरीत, स्वयंसेवी कामात किंवा सहाध्यायींच्या अभ्यासगटात चार जणांबरोबर केलेलं एखादं काम सांगा, त्यात मतभेद कुठे झाला आणि तो कसा मिटला हेही सांगा. अनुभव खरोखरच तोकडा असेल तर तसं म्हणा आणि तो भरून काढायला काय करताय ते सांगा.

क्वचित एखादे साहेब दूरशिक्षणालाच नावं ठेवतात. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना पदवीचा दरवाजा उघडला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ पासून विद्यार्थी शिकताहेत. नेल्सन मंडेलांनी तुरुंगात असताना १९८९ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली ती पत्रद्वाराच. हे सगळं स्वतःच्या धीरासाठी माहीत असू द्या. मुलाखतीत मात्र मंडेलांना मध्ये आणू नका; तुलना ऐकून समोरचा हसेल.

पडताळणी

निवड झाल्यावर कंपनी किंवा तिने नेमलेली संस्था विद्यापीठाकडे चौकशी करते. दूरशिक्षण विभागाचं उत्तर यायला कधी कधी आठवडे लागतात, कारण अर्ज मुख्य परीक्षा विभागात जाऊन पडतो. म्हणून पडताळणी कोणता विभाग करतो, त्याचा ईमेल आणि शुल्क भरण्याची पद्धत आधीच विचारून घ्या आणि एचआरला स्वतःहून कळवा. नोंदणी क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग गुणपत्रकावर, प्रमाणपत्रावर आणि ओळखपत्रावर एकसारखं आहे ना, हेही त्याच दिवशी बघून टाका. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र जोडा.