बग्गीला लिथियम की पाण्याची बॅटरी? आधी चढ बघा, मग पाणी घालणारा माणूस

आमच्या लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टवर सहा गोल्फ कार्ट आहेत आणि गोल्फ खेळणारा एकही माणूस नाही. रिसेप्शन खाली, कॉटेजेस वर, मधे पाऊण किलोमीटरचा चढ. जुलैच्या पावसात पाहुणा बॅगा ओढत वर जाणार नाही, म्हणून या गाड्या. इथे सगळे त्यांना बग्गीच म्हणतात. मी मेंटेनन्स बघतो, अकरा वर्षं झाली. आज चार बग्ग्यांत लिथियम आहे आणि दोघींत मुद्दाम पाण्याच्या, म्हणजे शिशाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ठेवल्यात. असं का, ते सांगतो.

दुकानदार पहिल्यांदा बजेट विचारेल. त्याच्याकडे जाण्याआधी एक काम करा. बग्गीचा चार्जर ज्या सॉकेटला लागतो तिथे युनिट मोजणारा छोटा मीटर बसवा आणि पंधरा दिवस रोज सकाळी आकडा वहीत लिहा. माझ्या वहीत वर जाणाऱ्या बग्गीला शनिवारी सहा युनिट आणि मंगळवारी दीड युनिट असे आकडे आले. किचनमधून लाँड्रीपर्यंत सपाटीवर फिरणारी बग्गी मात्र रोज दोनच्या आसपास. सहाही बग्ग्यांना एकच बॅटरी घालायचा विचार मी तिथेच सोडला.

आता थोडा हिशोब. ४८ व्होल्टच्या बग्गीत बहुतेक वेळा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. प्रत्येक साधारण १७० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) धरली तर ४८ गुणिले १७० भागिले हजार, म्हणजे कागदावर आठ युनिट होतात. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वरचेवर उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हातात येतात चार युनिट. लिथियमचा ५१.२ व्होल्ट, १०५ एएचचा पॅक कागदावर ५.४ युनिटचा असतो आणि त्यातली साडेचार बिनधास्त वापरता येतात. म्हणून ‘१७० काढून १०५ कशी घालू’ अशी भीती बाळगू नका. वजनातही मोठा फरक आहे. सहा शिशाच्या बॅटऱ्या मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात जातात, लिथियमचा पॅक पन्नासच्या आसपास. सव्वाशे किलो कमी झाले म्हणजे दोन माणसं उतरल्यासारखंच, चढावर ते लगेच जाणवतं.

पाण्याच्या बॅटरीवर बग्गी दुपारी तीननंतर चढावर रडायला लागते. व्होल्टेज उतरत जातं तशी ती हळू होते, आणि ड्रायव्हर पेडल आणखी दाबतो. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतं. हा तिचा गुण आणि हीच खोड, कारण संपताना ती फारशी कुरकुर न करता संपते. जुना व्होल्टवर चालणारा काटा तोपर्यंत ‘फुल’च दाखवत राहतो. लिथियम घालताना तिचा स्वतःचा टक्के दाखवणारा मीटर डॅशबोर्डवर बसवून घ्याच.

आमची फजिती बीएमएसने केली. बीएमएस म्हणजे पॅकच्या पोटात बसलेला राखणदार. करंट जास्त खेचला की तो लाइन तोडतो. पहिला पॅक मी स्वस्त बघून घेतला, १०० अँपिअरच्या बीएमएसचा. सपाटीवर झकास चालला. शनिवारी चार पाहुणे आणि त्यांच्या बॅगा घेऊन निघालेली बग्गी चढाच्या मधोमध खटकन बंद पडली. वरून पाऊस, आणि आत बसलेल्या आजी ड्रायव्हरला विचारतायत, “पेट्रोल संपलं का रे बाळा?” भरलेली बग्गी चढावर उठताना कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, काही सेकंद तीनशे अँपिअरच्याही वर खेचू शकतो. त्यामुळे चढ असेल तर बीएमएस सलग २०० अँपिअरचा आणि काही सेकंद तीन-साडेतीनशे झेलणारा हवा. हा आकडा कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी ‘चालतंय साहेब’वर जाऊ नका.

उताराचीही एक गोष्ट आहे. काही बग्ग्यांची मोटर उतरताना वीज उलटी बॅटरीत ढकलते आणि त्यातूनच ब्रेक लागतो. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर बीएमएस ती वीज घेत नाही, आणि बग्गी एकदम मोकळी सुटते. पायातला ब्रेक असतो म्हणा, पण नवख्या ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. वरच्या शेडमधली बग्गी आम्ही ९० टक्क्यांवरच चार्जिंगवरून काढतो.

लिथियम मागताना ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ असं नाव घेऊन मागा. लिथियमच्या जातींत तापायला ही त्यातल्या त्यात शांत. सेल नवे आहेत का आणि वॉरंटीत दुरुस्तीला माणूस जागेवर येणार का, हे विचारा. पॅक कुरिअरने परत पाठवायला सांगणाऱ्याकडून मी घेत नाही. पन्नास किलोचा डबा कोण बांधणार?

आता पाण्याच्या बॅटरीकडे. तिला वाईट म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला पाणीच घातलेलं नसतं. सहा बॅटऱ्यांची मिळून २४ बुचं. दर पंधरा दिवसांनी ती उघडायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना पातळी वर येते. आधी घालायचं ते प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच, आणि तेही प्लेटा बुडण्यापुरतं. आमच्याकडे एका नव्या पोराने उत्साहात सगळे सेल काठोकाठ भरले आणि चार्जर लावून घरी गेला. सकाळी ॲसिड उतू जाऊन ट्रेवर पांढऱ्या फेसाचे ओघळ. दोन महिन्यांत ट्रेला भोकं पडली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली तर बुचं घट्ट लावून, बॅटऱ्या जोडणाऱ्या लिंक काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा. फसफसणं थांबलं की झालं. वरून पेट्रोलियम जेली. हातातली अंगठी आणि कडं आधी काढून ठेवा, पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. चार्जिंग चालू असताना हायड्रोजन निघतो, म्हणून शेड हवेशीर हवी आणि विडीवाल्याला तिथून हाकला.

महिन्यातून एकदा पूर्ण चार्जनंतर प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारी नळी घाला. ग्रॅव्हिटी १२७० च्या आसपास हवी. बाकी सगळे सेल १२६५ आणि एखादाच १२०० वर अडकला असेल तर ती बॅटरी बाकीच्या पाचांना खाली ओढणार. बरेचदा तिचा गुन्हेगार वेगळाच असतो. कोणीतरी हॉर्न, लाइट, गाण्यांचा डबा चालवायला ओळीतल्या एकाच बॅटरीवरून तारा काढलेल्या असतात. त्याऐवजी ४८ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावा. जुन्या सेटमध्ये एकच नवी बॅटरी घालू नका, चार-सहा महिन्यांत तीही म्हातारी होते.

पैशांचं म्हणाल तर मला आलेली लिथियमची किंमत पाण्याच्या सेटच्या जवळजवळ अडीचपट होती. पाण्याचा सेट नीट सांभाळला तर चार-पाच वर्षं जातो. आमच्याकडे पाणी घालायला हक्काचा माणूस नव्हता तेव्हा दोन वर्षांत बसला. पावसाळ्यात रात्री लाइट जाते, आणि पाण्याच्या सेटला सलग आठ-दहा तास लागतात. अर्धवट चार्ज ठेवलेल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियमला अर्धवट चार्जचं काही वाटत नाही, दुपारच्या जेवणाच्या तासाभरातही ती बरंच पोट भरून घेते. चढावरच्या चार बग्ग्यांना लिथियम दिली ती मुख्यतः यासाठी.

किचन आणि लाँड्रीच्या बग्ग्या सपाटीवर फिरतात, रात्री पक्क्या शेडमध्ये जनरेटरच्या लाइनवर उभ्या असतात, आणि तिथल्या मामांना बुचं उघडायचा खरंच नाद आहे. तिथे जास्तीचे पैसे घालून मिळालं काय असतं? जुना सेट भंगारात किलोवर जातो, तेवढीच नव्यात सूट. ॲसिड मात्र गटारात ओतायचं नाही, भरलेल्या बॅटऱ्याच दुकानदाराला परत द्यायच्या.

दोन्ही प्रकार एकाच शेडमध्ये असतील तर चार्जर वेगळे ठेवा. पाण्याच्या बॅटरीचा चार्जर कधी कधी सेल समान करायला व्होल्टेज ६० च्या वर नेतो, आणि ५१.२ व्होल्टच्या, म्हणजे १६ सेलच्या लिथियम पॅकची हद्द ५८.४ ला संपते. आमच्याकडे लिथियमच्या चार्जरला निळा प्लग आहे, पाण्याच्याला लाल, आणि मामांनी लाल प्लगवर खडूने लिहिलंय: ‘माझ्याच गाड्या’.